धारगळच्या हॉटेलातलं चहाचं मशीन

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुला सांगतो — पण मध्ये थांबवू नकोस. थांबवलंस तर पुन्हा तोंड उघडणार नाही माझं.

गोव्यात धारगळला हायवेवरच्या हॉटेलात चहाचं मशीन माझ्या ताब्यात होतं. आमची गिऱ्हाइकं चहात उंडे बुडवून खाणारी. जाड कवचाचा तो पाव आत गेला की चहा निवायचा, आणि सगळे माझ्यावरच खेकसायचे — ‘काय रे, आंघोळीचं पाणी दिलंस?’ पाणी ठरावीक तापलं की मशीनमधला थर्मोस्टॅट वीज तोडायचा. उकळी येऊच द्यायचा नाही मेला! डोकं फिरलं माझं. एका सकाळी झाकण काढलं, थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी पिळून एकमेकींना जोडल्या आणि उकळीचा आवाज आला की स्वतःच बटण बंद करू लागलो. चहा कडकडीत! लोक खूश, आमचा मालक — पात्रांव — खूश. आणि मी? मी तर हवेतच.

कप भरायच्या सुमनवहिनी. बेळगावकडच्या. त्यांना वायरींचं सांगितलं होतं का? नाही. पात्रांवाच्या कानावर गेलं असतं ना!

त्या दिवशी मी बाहेर गप्पा हाणत उभा राहिलो. बटण विसरलो. वहिनींनी तोटीखाली कप धरला आणि उकळतं पाणी वाफेसकट उसळून त्यांच्या हातावर आलं. ती किंकाळी — जाऊ दे. बाकीच्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. मी मागे राहिलो. कशाला, सांगू? वायरी पूर्वीसारख्या लावायला. मेकॅनिक आला, तपासून म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. पात्रांवाने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, वहिनींनीच काहीतरी भलतं दाबलं असणार.

हो, मीच म्हटलं. भित्रा होतो — आणि नीचही. पात्रांवाने त्यांना कामावरून काढलं. 

थोड्या दिवसांनी त्या आपलं सामान न्यायला आल्या. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. आता ह्या मशीनचं विचारणार, म्हणून मी पाठ करून कप विसळू लागलो.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “माझ्यामुळं मशीन बिघडलं नाही न्हवं?”

“नाही,” मी म्हटलं. “पण पुढच्या ठिकाणी जरा जपून काम करा.”

त्या “व्हय” म्हणाल्या आणि डाव्या हातात पिशवी धरून निघाल्या.