उभा फोटो

फोटोमामा समोरच्याचा चेहरा आधी बघत नसत, बघत कान. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत स्थळांना पाठवायचे फोटो निघत. मामा मुलाचा आणि मुलीचा फोटो शेजारी ठेवत आणि कान, कपाळ न्याहाळून सांगत, "सारकी हायती, टिकतील." एकदा असंच ठासून सांगितलं, तर ती सख्खी भावंडं निघाली. पेठ आठवडाभर हसत होती. मामा शांतपणे म्हणाले, "सारकी हायती म्हणलो, ते खोटं हुतं का?"

माझी उंची पावणेसहा फूट. ती ऐकूनच तीन स्थळं परत गेली होती. उंच मुलींचा फोटो खुर्चीत बसवून काढायचा रिवाज, म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे मास्तरांनी, स्वतःच खुर्ची पुढे ओढली. मामांनी ती बाजूला सारली. "पोरी, उबी ऱ्हा."

"अहो मामा, उंची दिसली तर येईल कोण?"

"उंची बगून जो यील, त्योच हिचा, मास्तर. बाकीच्यांची वाट कशाला बगताय?"

वडील जाम चिडले, आणि मी मनातल्या मनात नाचत होते. फोटो मंगळवेढ्याला गेला. तिथून बघायला आलेला मुलगा आमच्या दाराच्या चौकटीला कपाळ आपटूनच आत शिरला. पोहे यायच्या आधीच माझा होकार ठरला होता.

आता मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मध्यंतरी वाचनात आलं, की नवरा-बायकोंची जनुकं तपासली तर उंचीशी संबंधित जनुकं निव्वळ योगायोगानं जुळावीत त्याहून अधिक जुळतात. माणसं आपल्यासारखाच जोडीदार निवडतात. मला तर स्टाफरूममध्ये बसवेना. मामांनी हे नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं! तास संपताच रिक्षा केली आणि धापा टाकत स्टुडिओत शिरले.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी उंचाला उंच. बरूबर हाय की," ते म्हणाले. मग कॅमेऱ्यावरचं फडकं उगाच नीट करत राहिले.

"आमचं उलटं हुतं. तुजी मामी माज्याहून ईतभर उंच. म्हणून जोडीनं उबा फोटो मी कदी काडलाच न्हाय. तिला लई हौस हुती, पोरी. लाज मलाच वाटायची."

मामींना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.