बबलूच्या ओळीतल्या कोऱ्या चौकटी

बदनापुरात स्टेशनच्या रस्त्याला पोलीस भरतीचा एक क्लास आहे. तिथं दैवशालाबाई बुद्धिमत्ता शिकवतात. कोडं असं: चार माणसं, चार गावं, चार धंदे, कोण कुठला अन् काय करतो ते जुळवा. चौकटी आखायच्या, जुळलं तिथं बरोबरची खूण, नाही जुळलं तिथं फुली. पोरं नावांवरच झेप घेतात. बाई म्हणतात, नावाला काय चाटायचंय, क्रियापद बघा. ‘राहतो’ आलं की गावाचा रकाना, ‘विकतो’ आलं की धंद्याचा. अन् जो करतो त्याच्याच ओळीत खूण, शेजाऱ्याच्या नको. ही खोड बाईंच्या इतकी अंगात भिनलेली, की गल्लीतल्या बाया त्यांच्यासमोर चहाडी करताना, ‘नेमकं कोणी केलं?’ हे विचारतील म्हणून, वाक्य अर्धंच सोडतात.

परवा त्यांच्या धाकट्या भावाकडं, रामप्रसादकडं, त्याच्या पोरीला, आकांक्षाला, बघायला राजूरकडचे पाहुणे आले. रामप्रसादचं मन आधीच पक्कं. ताटात सुपारी तयार. ती फुटली की सोयरीक ठरली, मागं फिरणं नाही.

दैवशालाबाईंना पहिल्या दहा मिनिटांतच शिसारी आली. मुलाचे मामा कारभारी बशीतला चहा असा ओढत होते, जशी विहिरीतली मोटर तळाचा गाळ ओढते. चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचले अन् तेलकट बोटं पुसली सतरंजीला. वर आकांक्षाला चालून दाखवायला लावलं. बीएस्सी झालेली पोर, बाजारात कालवड फिरवावी तशी दारापर्यंत जाऊन आली.

मामांची टकळी चालूच. बाईंनी मनात चौकटी आखल्या. वीस एकर बागायत? कसतात वडील. जालन्यातलं दुकान? चालवतो थोरला भाऊ. दारातली गाडी? घेतली मामांनी. गणपतीला दर चतुर्थीला लाडू वाटते ती आजी. नवरदेव बबलूच्या वाट्याला एकच क्रियापद आलं होतं: तो ‘आहे’. अन् रामप्रसाद बघावा तर सगळ्यांच्या खुणा बबलूच्याच ओळीत करून खूश.

त्यानं सुपारीला हात घातला.

“थांब जरा,” बाई म्हणाल्या, अन् बबलूकडं वळल्या. “तुम्ही स्वतः काय करता?”

बबलूनं मामाकडं बघितलं.

“करील की,” मामा म्हणाले. “लग्न झालं की करील.”

“मी त्यायला विचारून राह्यले.”

बबलूनं बराच विचार केला. “मामा सांगतील तसं,” तो म्हणाला.

रामप्रसाद कानाशी येऊन पुटपुटला, “ताई, घर लई चांगलंय.”

“घरासंगं नांदायचंय का तिला?” बाईंनी आवाज मुळीच खाली घेतला नाही.

आकांक्षा पुढं आली, तिनं सुपारीचं ताट उचललं अन् आत घेऊन गेली. रामप्रसादनं तिला अडवलं नाही.

मामांनी मोठ्ठा ढेकर दिला, असल्या शिकलेल्या बायांमुळंच पोरी बिनलग्नाच्या घरात राहतात असं ऐकवलं, अन् बबलूला उठायला सांगितलं. बबलू उठला.