गुंजवण्याचा हिरडा नाकारायला गेलो तेव्हा

राजगडाला कसं जायचं, असं मला वर्षातून चार जण तरी विचारतात. गडावर मी आयुष्यात एकदाच चढलो, तोही निम्मा. पण गडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला बारा उन्हाळे गेलो. तेव्हा वाट माझ्याकडून समजून घ्या आणि गड तुमचा तुम्ही चढा.

माझं तिकडे काम हिरड्याचं. पुण्यात आमचा शाईचा कारखाना होता. कारखाना हे म्हणायला. प्रत्यक्षात परसातली पत्र्याची शेड, तीन काहिली, सहा कामकरी बायका आणि मी. थोरल्या भावाने, अण्णांनी, स्वदेशीच्या भरात तो काढला आणि ते गेल्यावर माझ्या गळ्यात पडला. हिरडा उकळायचा, त्या पाण्यात लोखंडाचं हिराकस टाकायचं, की काळी शाई होते. मग तिला जरा निळा रंग द्यायचा, कारण कचेऱ्यांना परदेशीसारखी निळी-काळी लागते.

लढाईत परदेशी शाई यायची थांबली आणि आमचे दिवस आले. ज्या कचेऱ्यांचे पट्टेवाले आम्हाला पायरीवरून परत पाठवत, त्यांचेच हेडक्लार्क शेडमधल्या स्टुलावर तासतासभर बसून राहत. लढाई संपली, बोटी सुरू झाल्या आणि परदेशी बाटल्या पुन्हा दुकानांत झळकल्या. ती शाई बंदरात एकदा जकात भरते आणि मोकळी होते. आम्हाला निळा रंग बाहेरून आणावा लागतो, त्यावर जकात. बाटली बाहेरची, त्यावर जकात. इथलं बूच गळतं म्हणून बूचही बाहेरचं. याबद्दल मी सरकारात दोन अर्ज केले. दोन्हींची पोच आली, आणि दोन्ही परदेशी शाईत लिहिलेल्या होत्या. रंगावरून एवढं मी झोपेतही ओळखतो.

फाल्गुनातच मनाशी ठरलं होतं, शेड बंद करायची. पण ते मनाशीच. कामावरच्या बायकांना सांगितलं, "रंग मिळत नाही, जरा थांबा." घरी बायकोला तेच सांगितलं. आणि गुंजवण्याला, जिथून बारा वर्षं हिरडा आणला त्या हौसामावशीला, काहीच कळवलं नाही. चैत्र गेला, वैशाख निम्मा सरला. शेवटी बायकोच म्हणाली, "यंदा हिरड्याला जायचं नाही का?" मी म्हटलं, "निघालोच." आणि लाजेकाजेस्तव पिशवी भरली. यंदा हिरडा नको, एवढंच सांगायला मी निघालो होतो.

सातारच्या रस्त्याची मोटार सकाळी सातला सुटते असं म्हणतात; ती आठला सुटली. अजून कोळशाच्या गॅसवरच चालते. मागे भलीमोठी टाकी, धुराचा वास, आणि कात्रजचा घाट आला की सगळ्यांनी उतरायचं. आम्हीही उतरून ढकलली. किकवीचे एक पांढऱ्या मिशांचे आजोबा छत्री काखेत धरून नुसतेच बरोबर चालत होते. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हात लावा की."

"तिकिटाचं पैसं घेतलंस न्हवं? मंग ढकलायची मजुरी दे, लावतो हात," आजोबा म्हणाले. बोगद्यापर्यंत हसणं चाललं होतं. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, पांढरा सदरा घालू नये.

खेड-शिवापूरला चहा. साखर रेशनवर, म्हणून गुळाचा. पण चांगला होता. अण्णांबरोबर पहिल्यांदा आलो तेव्हा याच ठिकाणी आम्ही घरच्या दशम्या सोडल्या होत्या. अण्णा दशमी खाताखाता दुकानदाराला विचारत होते, "हिशेब कुठल्या शाईने लिहिता?" त्यांना कुठेही नेलं तरी दौतीत डोकावल्याशिवाय चैन पडत नसे. लोक हसत. मलाही तेव्हा शरम वाटायची, आता त्यांची फार आठवण येते.

नसरापूरच्या फाट्यावर उतरावं. तिथून वेल्ह्याच्या बाजूला जाणारी बैलगाडी बहुतेक मिळते; मार्गासनीपर्यंत मला सहा आण्यांत एकाने नेलं आणि वर करवंदांचा द्रोण दिला. मार्गासनीपासून पुढे पायी, अडीच-तीन तास. भातखाचरं उन्हाने तडकलेली, मधून मधून भाताच्या रोपांसाठी राब भाजून काळे झालेले तुकडे, नदीत डोहापुरतं पाणी. डावीकडे गड सारखा दिसत राहतो, पण जवळ येत नाही. पाण्याचा तांब्या आणि डोक्याला पंचा, या दोन गोष्टींशिवाय उन्हाळ्यात ही वाट धरू नका.

चालताना पहिला उन्हाळा आठवत होता. तेव्हा पुण्याचे व्यापारी आम्हाला खडे मिसळलेला, किडका हिरडा द्यायचे. चांगला माल म्हणे बोटीने विलायतेला, कातडी कमवायला. अण्णा चिडले आणि थेट इथे आले. हौसामावशीच्या अंगणात बसून त्यांनी एकेक हिरडा दगडाने फोडून दाखवला. आत पिवळा हवा, भुगा नको, पाण्यात भिजून काळवंडलेला नको. ती म्हणाली, "एवढं निवडून काय त्याचं लोणचं घालताय?" तेव्हा अण्णांनी तिच्याच चुलीवर हिरडा उकळला. पिवळंधमक पाणी. त्यात चिमूटभर हिराकस टाकलं आणि सगळ्यांच्या देखत ते काळंभोर झालं. अंगणातल्या बायका मागे सरकल्या. हौसामावशीने बोट बुडवून पाहिलं आणि तिला इतकं हसू फुटलं की डोळ्यांना पाणी आलं. त्या वर्षापासून ती आमच्यासाठी हिरडा निवडू लागली.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हौसामावशी ओसरीवर वाती वळत बसली होती. आता साठीला आली आहे. तिने आधी पाणी दिलं, मग गूळ, मग म्हणाली, "या दादा. म्हनलं, यंदा वाट चुकला का काय."

मी उगाच हसलो. तिचा मुलगा बाबू, गाडी हाकणारा गडी, बैलांना वैरण टाकत होता, तोही येऊन बसला. आणि मग माझी नजर माजघरात गेली. भिंतीला लागून छातीएवढी हिरड्याची रास होती, आणि राशीच्या माथ्यावर खोचलेली हिरड्याची डहाळी. पानं वाळून कुरकुरीत झालेली.

या डहाळीबद्दल सांगायला हवं. तिकडे माल कुणाशी बोलला गेला की राशीत डहाळी खोचतात. मग त्या राशीला दुसरं गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि घरचे त्याला दाखवतही नाहीत. ज्याच्याशी बोलणं झालं त्यानेच येऊन डहाळी उपसायची, माल न्यायचा असो की सोडायचा असो. गेल्या वर्षी निघताना मी सवयीने म्हटलं होतं, "पुढच्या साली एवढाच ठेवा." म्हटलं आणि विसरलो.

"अजून तशीच?" मी विचारलं.

"तुमी बोलला व्हता न्हवं?" हौसामावशी म्हणाली. "मंग दुसऱ्याला कसा घालायचा?"

बाबू म्हणाला, "भोरच्या हमीदभाईंचा मानूस दोनदा यिऊन गेला. साऱ्या गावाचा हिरडा घेतला त्येनं. अक्षय तृतीयेला खरेदी बंद केली. आमी म्हनलं, आमचा पुण्याच्या दादांस्नी बोललाय."

मला वाटत होतं, मी गेलो नाही तर ते दुसऱ्याला देतील आणि प्रश्न मिटेल. बारा वर्षं त्यांच्या ओसरीवर बसून मला एवढंही कळलं नव्हतं. मिरग तोंडावर. पावसाची दमट हवा लागली की हिरड्याला बुरशी. दोन महिने पोरासोरांनी रानात फिरून वेचलेला, कातळावर वाळवलेला, एकेक फोडून निवडलेला तो माल माझ्या गप्प बसण्यामुळे घरात पडून होता.

मी म्हटलं, "मावशी, कारखाना बंद होतोय. यंदा हिरडा नको, हे सांगायला आलो होतो."

बाबूने मान खाली घातली. हौसामावशी वात वळायची थांबली. मला वाटलं, आता बोलेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग तुमच्या घरची चूल कशी चालायची, दादा?"

मी म्हणालो, "मी एक कार्ड टाकायला हवं होतं. चुकलं माझं."

"कार्डानं डहाळी निघत न्हाई," ती म्हणाली. "मानसानं तोंडानं सांगावं. वाईट आसंल तरीबी सांगावं. मंग दुसऱ्याला आपली वाट धराया येतीया."

मी उठून माजघरात गेलो आणि डहाळी उपसली. पानं हातात चुरली. "नेताय का सोडताय?" बाबूने रीतीप्रमाणे विचारलं. मी म्हटलं, "नेतोय. भोरला. उद्या गाडी जुंप, हमीदभाईंच्या मी हातापाया पडतो." त्या संध्याकाळी जेवायला आंबेमोहोराचा भात आणि कुळथाचं पिठलं होतं. वास घरभर होता, पण मला नीट जेवण गेलं नाही.

गुंजवण्याहून भोर म्हणजे बैलांना दोन दिवस. पहिला मुक्काम नसरापूरला, बनेश्वराच्या झाडीत. तिथे धर्मशाळेपेक्षा झाडाखालीच बरं. दुसऱ्या दिवशी कापूरहोळवरून वळून भाटघरच्या धरणाशी बैल सोडले. धरणाच्या भिंतीवरचा वारा खायला लोक मुद्दाम येतात, तुम्हीही खा. आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. वाटेत बाबूने विचारलं, "शाई बिघडली का तुमची?" मी म्हटलं, "नाही रे, शाई चांगली आहे." तो म्हणाला, "मंग बंद का?" मी त्याला रंग, बाटली, बूच, बंदर सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बैलांना हाकारलं.

भोरच्या बाजारपेठेत हमीदभाईंची वखार. मुंबईच्या पेढीसाठी हिरडा गोळा करून पाठवतात. घराणं तिथलंच, बोलणं गोड, मान राखून वागणारा माणूस. अण्णा एकदा याच पेठेतल्या सभेत त्यांच्याकडे बोट करून म्हणाले होते, "आपला हिरडा बोटीवर चढवणारे हेच." सभा संपल्यावर हमीदभाईंनी अण्णांना सरबत पाजलं होतं.

मी गाडीवरून उतरून सरळ सांगितलं. काय झालं, कुणाची चूक, माल कुणाचा.

"खरेदी तर बंद हाय," हमीदभाई म्हणाले. मग त्यांनी एक हिरडा उचलला, फोडला, आत पाहिलं, कपचीला जीभ लावली. दुसरा फोडला. तिसरा. "ह्यो माल कुणी निवडला?"

"आईनं," बाबू म्हणाला.

"यात एक बी खराब न्हाई, दादा. कातड्याला एवढा निवडक लागतच न्हाई. ह्यो तर शाईचा माल." त्यांनी हातातल्या कपच्या झटकल्या. "परवा शेवटची ट्रक जाईल, त्यात घालतो. पर भाव मिळंल तो साऱ्यांचाच. निवडल्याचं वेगळं काय देता यायचं न्हाई."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पैसे त्यांनी बाबूच्या हातात दिले, ते मी पाहिलं आणि जीव भांड्यात पडला.

मग हमालांनी आमची पोती वखारीच्या मोठ्या ढिगावर रिकामी केली. त्या ढिगात किडका होता, काळवंडलेला होता, खडे होते. हौसामावशीने फोडून, पाहून, वेचून ठेवलेला हिरडा त्यात घरंगळला आणि दोन क्षणांत कुठला कुठला ते कळेनासं झालं. बारा वर्षांत आम्ही देशाला शाई किती दिली ते जाऊ द्या, पण एका बाईला एक कसब शिकवलं होतं, आणि आता त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं. हमीदभाईंनी पाठीवर हात ठेवला. "तुमचे अण्णा बोलायचे ते खोटं न्हवतं," ते म्हणाले. "पर कच्च्या मालाला गिऱ्हाईक दारात येतंय, दादा. पक्क्याला आपन दारोदार न्यावं लागतं."

भोरहून पुण्याला परतीची मोटार दुपारी एकला आहे. खिडकीची जागा डाव्या हाताची धरा, धरणाचं पाणी बराच वेळ दिसतं.

घरी पोचलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. "हिरडा मागून येतोय का?" तिने विचारलं. दोन महिने तिच्याशी जे बोलत होतो तेच पुन्हा जिभेवर आलं होतं, की रंग मिळत नाही, जरा थांबावं लागेल. मी वहाणा न काढताच तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "शेड बंद करतोय. फाल्गुनातच ठरवलं होतं. तुला सांगितलं नाही."

ती तांदूळ निवडत राहिली. "माहीत आहे," ती म्हणाली. "बाटल्यांचे खोके यायचे थांबले तेव्हाच कळलं. माझ्या भावाने त्याच्या पेढीवर तुमच्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती. मी त्याला म्हटलं, ते स्वतः सांगेपर्यंत मी विचारणार नाही. त्याने महिनाभर वाट पाहिली."

"मग?"

"मागच्या सोमवारी दुसऱ्याला दिली," ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवून पाणी आणायला आत गेली.