वाघजाईपुढे घेतलेले नाव

६ ऑगस्ट २०२३. मृत तीन : दोन मुले, एक म्हातारी.

पिरंगुटच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, बावीस उंबऱ्यांची एक वाडी आहे. जुलाब-उलट्यांनी आठ दिवसांत ही तीन माणसे गेली. तिघांचीही दृष्ट एकाच बाईने काढली होती. तिचे नाव रंभाबाई. वय त्रेसष्ट, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. चाळीस वर्षे वाडीतले कोणतेही मूल किरकिरले की मीठ-मोहऱ्या उतरायला त्यांनाच बोलावणे जाई. ज्या हाताने मुले बरी होतात, त्याच हाताने ती मरूही शकतात, ही शंका त्या श्रद्धेच्या पोटातच होती. तीन मृत्यूंनी ती बाहेर काढली.

मंगळवारी वाघजाईच्या देवळात कौल लावला गेला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल लावणारा देवऋषी कुशाबा, लावायला सांगणारे हैबतराव. ते वाडीतले मोठे जमीनदार. गेलेल्या मुलांपैकी एक त्यांचा सहा वर्षांचा नातू होता. त्यांचे दुःख खरे होते, हे आधी नोंदवले पाहिजे.

“आई, ह्ये रंभीचं करणं हाय का?” कुशाबाने विचारले.

उजवी पाकळी पडली.

“आजच्या आज वाडी सोडायची,” हैबतराव म्हणाले.

बायकांत बसलेल्या रंभाबाई उठल्या, पण दाराकडे न जाता गाभाऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आरती होईपर्यंत वाडीतल्या कोणालाही कौल मागता येतो, ही तिथली रीत आहे. आरती अजून व्हायची होती.

“आईला मी खोटं म्हणत न्हाई. पर कुशाबा, तिच्या तोंडात माझं एकटीचंच नाव का घातलंस? लाव दुसऱ्या पाकळ्या. आता हैबतदादांचं नाव घे.”

“जीभ आवर, रंभे!” कुशाबा ओरडला.

“माझं नाव घेताना तुजी आवरली व्हतीस व्हय? बरं, दादांचं नगं तर तुजं घे. बावीस घरं हायेत, ताटात फुलं लई हायेत.”

“लाव की रं कुशाबा,” मागून सगुणाबाई नावाची म्हातारी म्हणाली. “रोज आईशी बोलतोस, आज का घाबारलास?”

दोघीचौघी हसल्या. कुशाबाचा हात फुलांकडे गेला नाही. कौलात देवी केवळ होय किंवा नाही म्हणते; नाव माणूस पुरवतो. हे देवळात जमलेल्या शिकल्यासवरलेल्यांनाही सुचले नव्हते.

मग रंभाबाई हैबतरावांच्या सुनेकडे, गेलेल्या नातवाच्या आईकडे वळल्या.

“रेश्मा, आयक. तुज्या लेकरावरनं मी मीठ-मोहऱ्या उतरीत बसले, त्यात दवाखान्याचा अर्धा दिस गेला. तेवढं माझ्या हातनं झालं, ते हितं आईम्होरं कबूल करते. चेटूक म्या केलं न्हाई. वाडी सोडायची न्हाई.”

आणि त्यांनी ती सोडली नाही.

पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याने केलेल्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल आला. वाडी ज्या झऱ्याचे पाणी पिते, त्यात मैला मिसळत होता. पिरंगुटच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने देण्यासाठी हैबतरावांनी झऱ्याच्या वर अकरा खोल्या बांधल्या होत्या. त्या खोल्यांच्या संडासाचा खड्डा पाझरत होता. खड्डा बुजवला गेला. रंभाबाईंनी तेव्हा हैबतरावांना दोष दिला नाही. त्या घरात मूल गेले होते.

दिवाळीत हैबतरावांनी रेश्माच्या हाती लुगडे पाठवले.

“लुगडं माघारी ने, पोरी. तू बस, चा ठेवते,” रंभाबाई म्हणाल्या. “मामंजींना सांग, नाव देवळात घेतलंय, देवळातच सोडवा. लोकांम्होरं.”

आजही आया मुले घेऊन येतात. “आधी दवाखाना. माघारी आलीस की काढते,” असे रंभाबाई सांगतात आणि आई परतेपर्यंत उंबऱ्यात बसून राहतात.

रंभाबाईंनी आपला दोष सर्वांसमक्ष मांडला. हैबतरावांनी आपला शब्द देवळात अजून मागे घेतलेला नाही. तेवढे बाकी आहे.