पंचमहाभूतांच्या शिळेपाशी

मुलाने जपानी मुलीशी विवाह ठरवला, तेव्हा तिच्या वडिलांनी मला दोनदा अगत्याने बोलावले होते. मी प्रकृतीचे निमित्त सांगून गेलो नाही. खरे कारण प्रकृती नव्हते. दोन वर्षांनी ते निवर्तले. यंदा जपानला, निशी-कसाईला मुलाकडे राहायला गेलो असता सून एकदाच म्हणाली, "बाबा, माझ्या वडिलांची समाधी कोयासानच्या डोंगरावर आहे. तुम्ही याल?"

आम्ही तिघे गेलो. कर्माशिवाय स्मशानात पाऊल ठेवू नये, या संस्कारात मी वाढलेला. मन साशंक होते. ती शंका पहिल्या शंभर पावलांतच विरली. देवदारासारखे उत्तुंग वृक्ष, त्यांच्या मुळाशी शेवाळाने मऊ झालेल्या सहस्रावधी समाध्या, दगडी दिव्यांच्या रांगा, आणि वाट अंगणासारखी झाडलेली. कित्येक समाध्या पाच शिळांच्या होत्या: चौरस, त्यावर गोल, मग त्रिकोणी, अर्धचंद्राकार आणि शिखरावर रत्नाकृती. जवळून पाहतो तो त्यांवर आपल्या प्राचीन सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे. पृथ्वीचा अ, जलाचा व, अग्नीचा र, वायूचा ह, आकाशाचा ख. हस्तलिखिते वाचण्यासाठी ही लिपी मी तरुणपणी कष्टाने शिकलो होतो. परक्या देशातील पाथरवटांनी ती इतक्या निष्ठेने जपलेली पाहून माझे हात आपोआप जोडले गेले.

सुनेने वडिलांच्या शिळेवर लाकडी पळीने पाणी घातले. ही त्यांची रीत. मग पळी तशीच हातात धरून ती थांबली. मला द्यावी की नाही, हे तिला कळेना.

"दक्षिण कुठे?" मी विचारले.

तिने मोबाइल पाहून हात केला. "तर्पण करता?"

"करतो. पण तीळ कुठले इथे?"

तिने पर्समधून काळ्या तिळांची पुडी काढली. "पुण्यात तुम्हाला करताना पाहिलं होतं. लागले तर, म्हणून आणले."

जानवे अपसव्य करताना ते स्वेटरमध्ये अडकले.

"बाबा, स्वेटर काढा की," मुलगा हसू दाबत म्हणाला.

"या थंडीत तूच काढ."

गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणतात, तसे म्हटले; नाव सुनेने सांगितले. तीन अंजली सोडल्या. त्यानंतर ती शिळेकडे वाकून जपानीत हळूच काही बोलली.

"काय म्हणालीस?"

"सांगितलं त्यांना," डोळे पुसत ती म्हणाली, "उशीर झाला, पण व्याही आले."