हातकणंगल्याला उठायचं

जयसिंगपूरला गाडीत चढले आणि नेहमीसारखं आधी खिडकीकडं पाहिलं. अक्कांच्या जागेवर दुसरीच कुणी बाई बसली होती. मी विचारायच्या आतच शेजारच्या नसीमभाभी म्हणाल्या, "अक्का गेल्या गं. परवा झोपेतच." गाडी सुटली. मला कुठंतरी धावत सुटायचं होतं आणि डब्यात पाऊल टाकायला जागा नव्हती... त्याला आता पाच आठवडे झाले.

शिवलीलाक्का मिरजेहून यायच्या. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात त्या मदतनीस होत्या. मी तिथंच जवळ एका क्लासमध्ये शिकवते. सकाळच्या पॅसेंजरमधला आमचा बायकांचा डबा अक्कांच्या एका नेमावर चालायचा. मिरजेपासून बसून आलेलीनं हातकणंगल्याला उठायचं, उभी असलेलीनं बसायचं. वय, हुद्दा, जात, काही चालायचं नाही. एकदा एक शिक्षिका ऐकेनात. अक्का म्हणाल्या, "अवो बाई, जागा काय म्हायारनं आंदण आणलीया व्हय? उठा की!" सगळा डबा हसला आणि बाई उठल्या. अक्का स्वतः रोज उठायच्या आणि ती खिडकी मला द्यायच्या. चार वर्षं.

माझं घर पत्रकांचं. बाबा कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटायचे, मी अक्षरं त्यांवरच गिरवली. "खाली नाव नसलेलं पत्रक म्हणजे भिंतीवरची शिवी," असं ते म्हणत. गेल्या वर्षी बायकांसाठी आणखी एक डबा जोडा, म्हणून मी पत्रक काढलं. त्यात नुसतं 'काही महिला' लिहिणं मला भेकडपणाचं वाटलं. म्हणून अक्कांचं नाव घातलं, दवाखाना घातला, सुजलेले गुडघे घातले. त्यांना न विचारता. ते गुडघे त्यांनी मला डब्यात, लुगडं जरासं वर करून दाखवले होते. दवाखान्यात मात्र त्या कधी लंगडल्याही नव्हत्या.

राजारामपुरीत पत्रकं मीच वाटली. आठवड्याच्या आत डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं, असल्या गुडघ्यांची बाई पेशंटला काय उचलणार? काम सुटलं. डबा काही जोडला गेला नाही.

पंधरा दिवसांनी अक्का पुन्हा खिडकीत दिसल्या. कोल्हापूर स्टेशनजवळच्या खानावळीत चपात्या लाटायचं काम मिळालं होतं. मी रोज माफीची चार वाक्यं पाठ करून यायचे. त्यांनी तोंड उघडूच दिलं नाही. "बसायचं काम मिळालं बघ पोरी, तुझ्या कागदाची किरपा!" असं म्हणून हसल्या. तो टोमणा होता की माझी समजूत घालणं, मला आजही कळलेलं नाही. हातकणंगलं आलं. बाकाला हात टेकून त्या उठायला लागल्या.

"अक्का, तुम्ही बसा. मी राहते उभी."

"का? परत कागदात लिवायला?" त्यांनी डोळे वटारले. "नेम मोडायचा न्हाय. बस."

मी बसले. माफी राहिली. रोज भेटत होत्या, म्हणून रोज उद्यावर टाकत गेले...

मागणी बरोबर होती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण धाडस माझं आणि नाव त्यांचं, हा कुठला न्याय? आता तीच मागणी घेऊन नवं पत्रक लिहिलंय. त्यात नाव एकच आहे, माझं. ते लिहूनही जिवाला स्वस्थता नाही.

अक्का गेल्यापासून मी कोल्हापूरपर्यंत उभीच राहायचे. कुणी जागा दिली तर मानेनंच नको म्हणायचे. काल हातकणंगल्याला खिडकीतली ती बाई उठली. अक्का गेल्या त्याच आठवड्यापासून ती मिरजेहून येते, अक्कांना तिनं पाहिलेलंही नाही.

"बसा."

"नको, राहू दे."

तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि बाकावर ठेवली. "रोज बघतोय मी तुमचं. असं चालत न्हाय हितं. हातकणंगल्याला मी उठायचं, तुमी बसायचं. अक्कांचा नेम हाय."

"कोण अक्का?" मी उगाचच विचारलं.

"काय की बाई. समद्या म्हणत्यात."

मी बसले. बाक अजून कोमट होता. ती समोर कडी धरून उभी होती आणि खिडकीबाहेर बघत होती.