सुईचं टोक सापडत नाही

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनो, सुई तुटली की तिचे तुकडे जुळवून पाहता का? मी कधीच पाहत नव्हते.

आज सकाळी राजापेठेतल्या माझ्या दुकानात बाळाच्या पिवळ्या झबल्याला टीप मारताना सुई तुटली. नवी लावली, झबलं पूर्ण केलं. परतवाड्याच्या काकू घाईनं घेऊन गेल्या. आज त्यांच्या नातवाचं बारसं.

नंतर मशीन पुसताना पाहिलं, तुटलेल्या सुईचं टोकच नाही. शटल उघडलं, चुंबक फिरवलं. नाहीच.

काकूंना फोन केला. "घातलं न झबलं, पोरी! पण लेकरू मघापासून रडूनच राहिलं. काहून, समजत नाही."

"काढा ते!" मी ओरडले. पाळण्याच्या गाण्यात त्यांना ऐकूच गेलं नाही. आता फोन उचलत नाहीत.

मी बसमध्ये आहे. परतवाड्यात आज कोणाच्या शेजारी बारसं असेल, तर धावत जा. बाळाचं पिवळं झबलं काढा.